प्रौढांची श्रद्धा आणि बिशपांचे आसन

मनुष्याचे शरीर वाढते, विद्या वाढते, संसार वाढतो. परंतु त्याची श्रद्धा मात्र पुष्कळदा दहाव्या-बाराव्या वर्षी थांबते ती कायमचीच. आपल्या सुशिक्षित कुटुंबांतील कोणत्याही कर्त्या गृहस्थाकडे पाहावे. तो यंत्रशास्त्राचा पदवीधर असेल, कायद्याची कलमे त्याच्या जिव्हाग्री असतील. पण ईश्वर म्हणजे काय, पाप कशास म्हणावे, निरपराध्याच्या वाट्यास दुःख का येते, यांविषयी त्याच्यापाशी जी पुंजी असते ती आजीने निजताना सांगितलेल्या गोष्टींची. त्या गोष्टी वाईट होत्या असे आम्ही म्हणत नाही; लहान मुलास त्यांहून चांगले काही देता येईल असेही आम्हांस वाटत नाही. परंतु हाताशी आलेला मुलगा अकस्मात जातो, सख्ख्या भावाविरुद्ध न्यायालयाची पायरी चढावी लागते, अथवा आपल्याच हातून घडलेला एखादा अन्याय वीस वर्षांनी रात्रीची झोप घालवितो, तेव्हा लहानपणचा तो अंगरखा चाळिशीच्या अंगात चढत नाही. मग मनुष्य दोहोंपैकी एक करतो. एक तर अंगरखा फेकून देतो, किंवा तो आपल्या अंगात आहे असे जन्मभर भासवीत राहतो. पहिल्यास आपण नास्तिक म्हणतो व दुसऱ्यास धार्मिक म्हणतो. आमच्या मते दोघांची अडचण एकच आहे. त्यांना पुढचे माप कोणी बेतून दिलेले नाही.

तेव्हा प्रश्न असा की, वयात आलेल्या मनुष्यास श्रद्धा शिकविता येते काय, आणि येत असेल तर ती शिकविण्याचे काम कोणाचे? रोमन कॅथलिक पंथाने या प्रश्नाचे उत्तर एका मनुष्याकडे बोट दाखवून दिले आहे. तो मनुष्य म्हणजे बिशप. मराठी कॅथलिक मंडळी त्यांस महागुरू असेही म्हणतात. आपल्या धर्मप्रांतातील लहानथोर सर्वांस श्रद्धेचे ज्ञान मिळते की नाही, याचा जाब अखेर त्यांस विचारला जातो.

आम्ही हे भंडारा जिल्ह्यातील करडी येथे बसून लिहीत आहो. मोहाडी तालुक्यातील हे गाव. भोवती धानाच्या बांध्या. येथून जवळचे बिशपपीठ नागपूरचे. ते १८८७ साली स्थापन झाले, १९५३ साली आर्चबिशपांचे पीठ झाले, आणि भंडारा जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो. आम्ही स्वतः त्या पंथाचे नाही. मग परक्या घरच्या कारभाराची उठाठेव कशाला, असे एखादा वाचक म्हणेल. उठाठेव एवढ्यासाठीच की, ज्या बाबतीत आपल्याकडे कोणीच उत्तरदायी नाही त्या बाबतीत तेथे एक मनुष्य नावानिशी उत्तरदायी आहे. अशी व्यवस्था असल्याने काय साधते आणि काय बिघडते, हे पाहणे ज्यांच्या घरी ती नाही त्यांसच अधिक उपयोगाचे आहे.

बिशपांच्या मुख्य मंदिरास कॅथेड्रल म्हणतात. हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ आसन. राजाचे सिंहासन नव्हे, तर गुरूने बसून शिकवावयाचे आसन. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री पश्चिम युरोपातून यरुशलेमेस गेली होती. तिने घरच्या मैत्रिणींसाठी लिहिलेले वृत्त सुदैवाने उरले आहे. स्नानसंस्कार घेऊ इच्छिणाऱ्या प्रौढांस तेथील बिशप उपवासकालात रोज सुमारे तीन तास स्वतः शिकवीत, असे ती सांगते. ते आसनावर बसत व शिकणारी मंडळी त्यांच्याभोवती वर्तुळाकार बसत. नाव नोंदविण्यापूर्वी बिशप त्या मनुष्याच्या शेजाऱ्यांस विचारीत की, हा आईबापांस मान देतो काय, दारू पितो काय, खोटे बोलतो काय. मंत्र पाठ आहे काय हे नव्हे, तर शेजारी काय म्हणतात हे आधी! आणखी एक गोष्ट तिने टिपून ठेविली आहे. बिशप ग्रीक भाषेत बोलत. पण ज्यांस ग्रीक येत नसे त्यांच्यासाठी एक धर्मगुरू जवळ उभा राहून ते सीरियाक भाषेत समजावून देई, आणि केवळ लॅटिन जाणणाऱ्यांचीही सोय होई. भाषेवाचून कोणी उपाशी राहू नये ही काळजी सोळाशे वर्षांपूर्वीची आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे तिचे काम पडणार आहे.

त्याच शतकात मिलान येथे एक विलक्षण प्रसंग घडला. ऑगस्टीन नावाचा तिशीतला अलंकारशास्त्राचा अध्यापक ३८४ साली त्या नगरात आला. बिशप अँब्रोज यांचे वक्तृत्व कसे आहे हे पारखण्यासाठी तो प्रवचनास जाऊ लागला; मजकुराशी त्यास कर्तव्य नव्हते. हळूहळू मजकूरही आत उतरू लागला. डोक्यात शंकांचे मोहोळ उठले होते, ते घेऊन तो बिशपांच्या घरी जाई. दार सर्वांस उघडे असे. परंतु अँब्रोज ग्रंथ पुढे घेऊन मनातल्या मनात वाचीत बसलेले असत. ऑगस्टीन बराच वेळ मुकाट्याने बसे आणि त्यांच्या वाचनात व्यत्यय नको म्हणून न विचारताच उठून जाई. हे सारे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेविले आहे. ३८७ च्या ईस्टरला अँब्रोज यांच्याच हातून त्याने स्नानसंस्कार घेतला. तरी त्याच्या शंका एकेक करून फेडण्याचे काम अँब्रोज यांनी केले असे म्हणता येत नाही. आम्हां अध्यापकांस ही गोष्ट वाचताना किंचित समाधान वाटते आणि किंचित लाजही वाटते. शिष्य दारातून आत आला, बसला आणि निघून गेला, हे गुरूस कळलेदेखील नाही!

पुढे तोच ऑगस्टीन हिप्पो येथील बिशप झाला. कार्थेज येथील देओग्रातियास नावाच्या सेवकाने त्यास विचारले की, नवख्यांना श्रद्धेचे पाठ देताना मलाच माझ्या बोलण्याचा कंटाळा येतो, काय करावे? ४०० सालाच्या सुमारास ऑगस्टीनने त्यास जे उत्तर लिहिले ते एक स्वतंत्र पुस्तकच झाले. त्यातील सूचना वाचल्या म्हणजे लिहिणारा एके काळी न विचारता उठून गेलेला शिष्य होता हे ओळखता येते. ऐकणारा जांभया देऊ लागला तर त्यास बसावयास आसन द्यावे, काहीतरी प्रसन्न बोलावे. शिकलेला मनुष्य आला तर आपले पुराण आरंभी सुरू न करता त्याने कोणते ग्रंथ वाचले व कशाने तो येथवर आला हे त्यासच विचारावे. थोडक्यात, प्रौढ मनुष्य रिकामे भांडे होऊन येत नाही, हे त्या बिशपास कळले होते.

पुढील शतकांत ख्रिस्ती घरांतील मुलांचा स्नानसंस्कार तान्हेपणीच होऊ लागला आणि प्रौढांचे वर्ग ओस पडले. धर्मशिक्षण म्हणजे मुलांकडून प्रश्नोत्तरे घोकून घेणे, अशी समजूत रूढ झाली. बिशप कारभारी झाले, काही ठिकाणी तर जहागीरदार झाले. ती कथा दीर्घ आहे आणि फारशी आनंददायक नाही.

आपल्या भाषेच्या दृष्टीने खरी महत्त्वाची कथा गोव्याची. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्विट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याने साष्टी प्रांतात आयुष्य घालविले. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे धर्मसत्तेच्या परवान्याने छापले गेले. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा हा मराठी ग्रंथ आमच्या वाचकांस नावाने तरी माहीत असेल. त्याची भाषा, त्यातील मराठीची स्तुती यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण तो ग्रंथ कशातून निघाला याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. कवीने ती हकीकत आरंभीच सांगितली आहे. देवळात पाद्री मुलांना धर्माचे पाठ शिकवीत असता, ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे येऊन म्हणतो की, हे पाठ चांगले आहेत; परंतु आम्हां जाणत्यांना एवढ्याने पुरत नाही. आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत. मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत आम्हांस दुसरे पुराण का देत नाही?

हा प्रश्न साधा नाही. त्यात तक्रार आहे आणि मागणीही आहे. तुम्ही आमचे घर रिकामे केलेत आणि मुलांचा खाऊ आमच्या हातावर ठेवलात, असा त्याचा अर्थ होतो. त्या काळी गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय बसले होते. ते १५६० साली स्थापन झाले आणि अखेर १८१२ साली बंद झाले. अशा ठिकाणी एका प्रौढाने असे विचारावे, आणि विचारल्याबद्दल शासन न होता उत्तरादाखल ग्रंथ मिळावा, ही गोष्ट आम्हांस त्या ग्रंथातील काव्याइतकीच मोलाची वाटते. तो ब्राह्मण खरोखर होऊन गेला की कवीने कल्पिला, याने फरक पडत नाही. कल्पिला असेल तर शिकविणाऱ्याने स्वतःच शिकणाऱ्याच्या जागी बसून पाहिले असे होईल, आणि ते अधिकच दुर्मिळ.

आपल्या वाङ्मयात याला एक जोड आहे, आणि ती या भंडारा भागास परकी नाही. चक्रधरस्वामींच्या आरंभीच्या शिष्यांत निळभट्ट भांडारेकर होता. त्याच्या नावातच हे गाव आहे. स्वामींच्या मागे महानुभाव पंथाचे आचार्यपद नागदेवाचार्यांकडे आले. पंथातील पंडित संस्कृतात ग्रंथरचना करू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांस अडविले. कारण असे दिले की, त्याने आपल्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील. पंथप्रमुखाने भाषेचा निर्णय पंडितांच्या सोयीने न करता म्हाताऱ्यांच्या सोयीने केला. बिशपपदाचे कर्तव्य याहून नेमके कोणी सांगितले असेल असे आम्हांस वाटत नाही, आणि सांगणारा ख्रिस्ती नव्हता.

उलट उदाहरण पाहावयास पुन्हा गोव्यासच जावे लागते. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलू लागावे. हा राज्यसत्तेचा हुकूम झाला. परंतु १७४५ साली खुद्द आर्चबिशप लोरेन्सो द सांता मारिया यांनी आज्ञापत्र काढून पोर्तुगीज न येणाऱ्यांच्या विवाहावर बंदी घातली. ज्या आसनाजवळ यरुशलेमेत दुभाषी उभा राहत असे, त्याच आसनावरून आता सांगण्यात आले की, आमची भाषा नसेल तर तुमचे लग्नही लागणार नाही. स्टीफन्सच्या ग्रंथाला दीडशे वर्षेही झाली नव्हती. एकच पंथ, एकच पद, एकच प्रांत. आणि तरी एका ठिकाणी प्रौढाच्या प्रश्नावर पुराण लिहिले जाते आणि दुसऱ्या ठिकाणी प्रौढाचे तोंडच बांधले जाते. तेव्हा केवळ पद निर्माण करून काम होत नाही, हे उघड आहे.

येथवर आम्ही शिकविणाऱ्याच्या बाजूने पाहिले. शिकणाऱ्याच्या बाजूने पाहावयाचे तर पंडिता रमाबाईंकडे गेले पाहिजे. त्या कॅथलिक नव्हत्या; १८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी अँग्लिकन पंथाचा स्नानसंस्कार घेतला. पण बिशप तेथेही होतेच. रमाबाईंचे वय तेव्हा पंचवीस. संस्कृत विद्वत्तेबद्दल कलकत्त्यास पंडिता व सरस्वती या पदव्या मिळालेल्या, आईबाप दुष्काळात गेलेले, पती निवर्तलेला, पदरी एक लहान मुलगी. अशा स्त्रीस ज्या मठवासिनींनी आश्रय दिला त्यांची अपेक्षा अशी की, तिने आता शंका सोडून चर्चची शिकवण मुकाट्याने घ्यावी. त्रैक्याच्या सिद्धांतावर तिच्या शंका होत्या, त्या तिने लपविल्या नाहीत. चेल्टनहॅम येथे तिने इंग्रज पुरुषांस देशी भाषा शिकवाव्या असे ठरू लागले तेव्हा मुंबईच्या व लाहोरच्या बिशपांचे मत मागविण्यात आले, आणि दोघांनीही ते अयोग्य ठरविले. हिंदुस्थानात परतल्यावर लोक काय म्हणतील, ही त्यांची चिंता.

त्यानंतरची रमाबाईंची पत्रे आजही वाचण्यासारखी आहेत. त्यांचा आशय असा की, ईश्वराने मला विवेक दिला आहे. पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्या कोणाचे जोखड ईश्वराच्या नावाने मी मानेवर घेणार नाही. यात उद्धटपणा आहे असे सिस्टर जेराल्डाइन यांस वाटले. चेल्टनहॅमच्या विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांना तसे वाटले नाही. त्यांनी रमाबाईंच्या शंकांस शंका म्हणून उत्तरे दिली, पत्रामागून पत्र लिहून वाद घातला आणि त्यांस विचार करण्यास अवकाश दिला. दोघी स्त्रिया सद्भावनेच्या होत्या, दोघींचेही रमाबाईंवर प्रेम होते. मग अंतर कशाचे? एकीने प्रश्न विचारणे हे अपुऱ्या श्रद्धेचे लक्षण मानले, आणि दुसरीने ते वाढत्या श्रद्धेचे. शिक्षकाचा सारा धर्म या एका निवाड्यात आहे. आणि बिशपांनी? त्यांनी रमाबाईंच्या प्रश्नांस उत्तर दिले नाही. त्यांच्याकडे प्रश्न वेगळाच गेला होता. स्त्रीने कोणासमोर उभे राहावे एवढेच त्यांस विचारण्यात आले आणि तेवढ्याचेच त्यांनी उत्तर दिले. उच्च आसनावर बसणाऱ्यापर्यंत प्रौढाचे खरे प्रश्न पोहोचतच नाहीत. मधली माणसे ते गाळून, वळवून, नियमाच्या भाषेत घालून वर पाठवितात. कोणत्याही कचेरीत हेच होते. धर्माच्या कचेरीत झाले तर नवल नाही, पण हानी मात्र मोठी होते.

रमाबाईंनी पुढे काय केले हे सर्वश्रुत आहे. पण एक गोष्ट या विषयाशी निगडित म्हणून सांगितली पाहिजे. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालविली, साध्या बायकांस ते वाचता यावे म्हणून. छपाईचे कामही तेथल्याच स्त्रियांनी केले. एप्रिल १९२२ मध्ये त्या निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. नागदेवाचार्यांची म्हातारी येथे पुन्हा भेटते.

आता या प्रश्नातील खरी गाठ. श्रद्धा ही अंशतः तरी दुसऱ्याच्या साक्षीवर उभी असते; ती प्रत्येकास भूमितीप्रमाणे आरंभापासून सिद्ध करून घेता येत नाही. शिकविणाऱ्याने उत्तर दिले आणि प्रौढाने ते निव्वळ अधिकारापुढे मान तुकवून घेतले, तर तो प्रौढ राहिला नाही. उलट ज्याने त्याने आपापले उत्तर रचावे म्हटले, तर ती त्या पंथाची श्रद्धा राहिली नाही. बिशपांचे पद या दोन अडचणींच्या मध्ये उभे आहे. आमच्या इंग्रजी शिकलेल्या पिढीस पहिलीच अडचण तेवढी दिसते. अधिकार म्हटला की आमच्या कपाळास आठ्या पडतात. पण थोडा विचार करावा. परंपरा काय सांगते, हे सांगणारा कोणी अधिकारी नसेल तर शंका तरी कशावर घ्यावयाची? रमाबाईंना भांडावयास समोर सिद्धांत होता म्हणून त्या भांडल्या आणि भांडता भांडता वाढल्या. धुक्याशी भांडता येत नाही.

आमच्या मते बिशपांचा अधिकार तलाठ्याच्या अधिकारासारखा असावा. (बिशपांनी या उपमेचा राग मानू नये, खेड्यात तलाठ्याहून मोठा अधिकारी कोण?) शेताची हद्द कोठवर हे नकाशा पाहून सांगणे हे त्याचे काम, आणि ते त्याने न भिता, कोणाची भीड न धरता करावे. पण नांगर कोणी, केव्हा आणि किती खोल घालावा, हे सांगण्याचा हक्क त्यास नाही. ‘आमच्या पंथाची शिकवण ही अशी आहे’, असे बिशप म्हणू शकतात, नव्हे म्हटलेच पाहिजे. ‘म्हणून तू विचारू नकोस’, हे दुसरे वाक्य पहिल्यातून निघत नाही. जे कोणी ते काढतात त्यांस बहुधा पहिल्याविषयीच पुरता विश्वास नसतो.

बिशप नसलेल्यांचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. त्यासाठी आम्हांस दूर जावे लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याआधी दोन वर्षे, १९५४ मध्ये, ते याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहून पराभूत झाले होते. दीक्षेनंतर दोन महिने पुरे होण्याच्या आत, ६ डिसेंबरला, ते गेले. दीक्षा घेतलेल्या लाखो प्रौढांस शिकविणार कोण? त्यांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला, आणि तोच गुरूच्या जागी बसला. या ग्रंथाचा एक विशेष असा की, त्याच्या प्रास्ताविकातच लेखकाने चार अवघड प्रश्न स्वतः उभे केले आहेत. बुद्धाने गृहत्याग का केला, चार आर्यसत्ये मूळ शिकवणीतील काय, आत्मा नाही तर कर्म व पुनर्जन्म यांचा अर्थ काय, आणि भिक्षू कशासाठी. धर्मग्रंथाने शंकेपासून आरंभ करावा, हे प्रौढांचा मान ठेवणे होय.

विदर्भातील गावोगावच्या विहारांत वर्षावासाच्या तीन महिन्यांत या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होते. दिवसभर रोवणी-निंदणी करून आलेली माणसे सायंकाळी बसून ऐकतात. या भागातील अशा एका वाचनास आम्ही बसलो होतो. आत्म्याविषयीचा भाग चालला होता. मागे बसलेली एक वृद्ध स्त्री मध्येच म्हणाली, गुरुजी, आत्मा नाही असे तुम्ही वाचले. मग माझा मुलगा गेला तो कोठे गेला? वाचणारा शाळेतला तरुण शिक्षक होता. त्याने पुस्तक मांडीवर ठेवले, थोडा थांबला आणि म्हणाला, “माय, हे मला सांगता येत नाही. भंतेजी येतील तेव्हा आपण दोघे विचारू.” कोणी हसले नाही. मग वाचन पुढे चालू झाले. त्या उत्तराचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. ‘आपण दोघे’ हे शब्द पुष्कळ पंडितांच्या तोंडी येत नाहीत. पण भंतेजी केव्हा येतील हे त्या खेड्यात कोणास ठाऊक नव्हते, आणि ती बाई ऐंशीच्या घरातली होती.

आणि आपल्या मध्यमवर्गीय घरांत? तेथे ग्रंथही वाचला जात नाही, भंतेजींचीही वाट पाहिली जात नाही. म्हणून तेथील गुरूचे आसन रिकामे आहे असे मात्र समजू नये. सकाळी भ्रमणध्वनी हाती घेतला की त्यावर आलेले निनावी संदेश त्या आसनावर बसलेले असतात. कोणत्या तिथीस काय करावे, कोणत्या समाजाचा द्वेष करावा, आपल्या पूर्वजांस कोणकोणते शोध लागले होते, हे सारे ते सांगतात, आणि त्यांस जाब विचारण्याची काही सोय नाही. ज्या गृहस्थास बिशपांचा अधिकार जाचक वाटतो, तो या बेनाव बिशपाची आज्ञा चहाबरोबर घेतो आणि पुढच्या दहा जणांस पाठवितो. आसन रिकामे राहत नसते. त्यावर बसणाऱ्याचे नाव आपल्याला माहीत असावे की नसावे, एवढाच निवड करण्याचा प्रश्न असतो.

अलीकडे कॅथलिक पंथानेही आपली जुनी चूक ओळखलेली दिसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये बिशपांस सांगितले की, प्रौढ दीक्षार्थींच्या शिक्षणाची जुनी पद्धत पुन्हा सुरू करावी. आणि १९७१ च्या मार्गदर्शिकेने प्रौढांचे शिक्षण हाच धर्मशिक्षणाचा मुख्य प्रकार ठरविला. कागदावर हे ठीकच आहे. प्रत्यक्षात काय होऊ शकते याचा एक नमुना महाराष्ट्रात वसईस पाहावयास मिळतो. १७३९ मध्ये पोर्तुगीज गेले, तरी तेथील ख्रिस्ती समाज आपल्या बोलींसह राहिला. व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत आली. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबलचा ‘सुबोध बायबल’ हा मराठी अनुवाद केला आणि वसईच्या पाण्याझाडांसाठी चळवळ केली. २०२० च्या उस्मानाबाद साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे हे पुढे पुण्याचे बिशप झाले. त्यांचा तुकारामांच्या ईश्वरानुभवावरील प्रबंध बिशप होण्यापूर्वीच, १९८७ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. महागुरू म्हणून आसनावर बसण्यापूर्वी हा मनुष्य देहूच्या वाण्यापुढे विद्यार्थी म्हणून बसला होता. मराठी ख्रिस्ती प्रौढाच्या कानांवर अभंग रोज पडतात. ते माझ्या श्रद्धेच्या हद्दीत येतात की बाहेर पडतात, असे त्याने विचारले तर उत्तर देणाऱ्याने गाथा वाचलेली तरी असावी. एवढी अपेक्षा फार नाही, पण ती पुरी होणे किती विरळ आहे हे कोणत्याही धर्माच्या प्रवचनास जाऊन पाहावे.

आमची बिशपांस एकच सूचना आहे, आणि तीसाठी नवीन नियम करावयास नको. त्यांच्या १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे बिशपांनी निदान पाच वर्षांतून एकदा तरी आपला सारा धर्मप्रांत फिरून पाहिला पाहिजे; आणि त्याच संहितेने श्रद्धावंतांस आपले मत धर्मगुरूंपुढे मांडण्याचा हक्क दिला आहे. २०२१ च्या ऑक्टोबरापासून तर पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या धर्मप्रांतांत लोकांचे ऐकून घेण्याचा उपक्रमच आरंभिला होता. तेव्हा बिशपांनी नोंदवह्या तपासाव्या, हिशेब पाहावे, मुलांना दृढीकरणाचा संस्कार द्यावा, सत्कार स्वीकारावा. परंतु मुक्कामाची एक सायंकाळ केवळ चाळिशीपुढच्या माणसांसाठी ठेवावी. प्रश्न आधी लिहून मागवू नयेत, कारण लिहून मागविले की ते मधल्या हातांत गाळले जातात. स्थानिक धर्मगुरूंनी त्या वेळी कृपा करून बाहेर बसावे. ज्यास मराठी येत नाही त्याच्याजवळ, हिंदी वा गोंडी जी काय त्याची भाषा असेल ती जाणणारा एक मनुष्य बसवावा. बिशपांची खुर्ची व्यासपीठावर मांडू नये. पावसाळ्याचे दिवस असतील तर सतरंजी कोरडी आहे एवढे पाहून ती मंडळींच्या मध्येच घालावी, आणि मागे बसलेल्या बाईचा आवाज पुढे ऐकू येतो की नाही हे बसण्यापूर्वी तपासून घ्यावे.